आबांना, इंडियन हेडहून

इंडियन हेड, सस्कॅचेवान
फेब्रुवारी

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

"तिथं पिकतं तरी काय?" असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि नेमकी रेंज गेली. म्हणून आता सविस्तर लिहिते. आईला वाचून दाखवा, पण थंडीचा मजकूर गाळून.

तो आधी उरकते. उणे तीस इथं बातमी होत नाही. प्रत्येक गाडीच्या तोंडातून विजेची वायर लोंबत असते. रात्री ती प्लगला लावायची, म्हणजे इंजिन गोठत नाही आणि सकाळी गाडी सुरू होते. डिसेंबरात नऊला उजाडतं आणि पाचला दिवस मावळतो. जूनमध्ये मात्र रात्री नऊ वाजून गेले तरी ऊन असतं. बाकी बहुतेक कॅनडा वर्षातून दोनदा घड्याळ मागंपुढं करतो, हा प्रांत करत नाही. त्यामुळं तुमचं-आमचं अंतर बारा महिने साडेअकरा तासांचंच. आईनं हिशोब बदलायचं कारण नाही.

पाऊस ऐका. वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला काही बर्फाच्या रूपानं. म्हणजे आपला माण तालुकाच. कॅनाल नाही, विहिरीवर शेती नाही, सगळं कोरडवाहू. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा प्रांत आणि माणसं बारा लाखांच्या आसपास. आमच्या गावात जेमतेम दोन हजार. रेजायना शहर इथून तासाभराच्या आत, गावातून पूर्वीच्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची मुख्य लाइन जाते आणि धान्याच्या वाघिणी मोजता मोजता कंटाळा येतो. जमीन चौकोनात आखलेली, मैलभर लांब, मैलभर रुंद. वळण दिसलं तर आश्चर्य वाटावं.

ही आखणी सरकारनं केली. १८७२ च्या कायद्यानं दहा डॉलर फी भरली की १६० एकर मिळायची, अट एवढीच की तिथं राहून ती मोडून पिकाखाली आणायची. आपल्याकडं बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, तिथल्या माणसाला हे खरं वाटायचं नाही. पण ही जमीन रिकामी नव्हती, आबा. १८७४ मध्ये इथून जवळच फोर्ट क्वापेलला क्री, सोलटो, असिनिबोइन या मूळ लोकांशी सरकारनं करार केला आणि नंतर त्यांना राखीव तुकड्यांवर नेऊन बसवलं. गावाचं नावही त्यांच्यावरूनच. हायवेला एका आदिवासी प्रमुखाच्या डोक्याचा भला मोठा पुतळा आहे, लोक थांबून फोटो काढतात.

आता तुमच्या कामाची गोष्ट. १८८५ मध्ये इकडं उठाव झाला आणि फौजेचं सामान वाहायला शेतकऱ्यांचे घोडे गेले. बऱ्याच जमिनीत पेरणी झालीच नाही, ती पड राहिली. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. सगळ्यांचं गेलं, पण त्या पड ठेवलेल्या रानात गहू उभा! अँगस मॅके नावाच्या शेतकऱ्यानं ते हेरलं. एक वर्ष जमीन पड ठेवून तण मारत राहिलं की ओल साठते. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपणही रब्बी ज्वारीसाठी पावसाळाभर रान कुळवून ठेवतोच. पण सरकारनं दखल घेतली, इथं प्रायोगिक शेत काढलं आणि मॅकेलाच त्याचा प्रमुख केला. पन्नास वर्षं सगळा मुलूख तसंच करत राहिला. मग १९३० च्या दशकातला दुष्काळ आला आणि उघडी, भुसभुशीत केलेली माती वाऱ्यावर उडाली. वारा अडवायला झाडं हवीत म्हणून त्याच्या आधीच, १९०१ पासून, इथल्या सरकारी रोपवाटिकेनं शेतकऱ्यांना रोपं वाटली, एकूण साठ कोटींच्या वर. २०१३ मध्ये केंद्रानं ती बंद केली. आता मोठ्या यंत्रांना अडचण होते म्हणून काही जण त्याच रांगा उपटून काढतात.

आता नांगर जवळजवळ गेला. गव्हाच्या धसकटातच थेट पेरणी. आणि पड ठेवण्याऐवजी काय घेतात? मसूर! मुळांच्या गाठींनी नत्र मिळतं आणि पाणी कमी लागतं. मसूर वीत-दीड वीत उंच, शेंगा पार जमिनीलगत. म्हणून पेरल्यावर भलाथोरला लोखंडी रूळ फिरवून दगड खाली दाबतात, नाहीतर कापणी यंत्राची पाती मोडायची. हे यंत्र तुम्हाला दाखवायला हवं होतं.

मी काम करते त्या वृद्धाश्रमात एक आजोबा आहेत, उभं आयुष्य मसूर पिकवलेले. मी घरून डबा नेते. एकदा आमटी दिली, आपली काळ्या मसाल्याची. नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी, पण वाटी पुसून घेतली. म्हणाले, ट्रकच्या ट्रक विकला, कधी शिजवून पाहिला नाही. बायकोनं एकदा सूप केलं होतं, ते कुत्र्यालाही आवडलं नाही म्हणे.

मी भारतातली कळल्यावर त्यांनी आधी भांडणच काढलं. २०१७ च्या शेवटी आपल्या सरकारनं वाटाण्यावर ५० टक्के आणि मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा इथले भाव कोसळले, त्याचा राग. मी म्हटलं, माझे वडील हरभरा करतात. बाहेरचा पिवळा वाटाणा बेसनात जातो आणि त्यांचा भाव पडतो. २०२३ च्या डिसेंबरात तो शुल्कमुक्त केला, तेव्हा तुम्ही किती शिव्या दिल्या होत्या ते सांगितलं (शिव्या सोडून). म्हातारा बराच वेळ हसला. त्या दिवसापासून मी आले की "वडील काय म्हणतात?" ठरलेलं.

माणसं चांगली आहेत. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात, झाला रामराम. सकाळी हॉटेलात म्हाताऱ्यांची बैठक, विषय आपल्या पारावरचेच: पाऊस, भाव, कुणाची जमीन कुणी घेतली. मुलं शहरात गेलेली. शेतं वाढत चाललीत आणि घरं कमी होत चाललीत, पाच-पाच हजार एकर कसणारे आहेत. शेजारी अर्धा मैल लांब. मला मात्र गावातच खोली आहे, आईला सांगा.

गुडघ्याचं औषध मध्येच सोडू नका. काळा मसाला संपत आला आहे, कुणी येणार असेल तर किलोभर पाठवा. आणि यंदाचा हरभरा निघाला की क्विंटलला काय दर मिळाला ते लगेच कळवा. म्हाताऱ्यानं वहीत जागा सोडून ठेवली आहे.

आपली,
सुमी