अंथरुणावरच्या पायांविषयी

सातारा,
दि. १४ ऑगस्ट

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

काल रात्री वहिनींचा फोन आला आणि अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवरच्या शेवाळाने तुझा घात केल्याचे कळले. नडगीचे हाड मोडले, ऑपरेशन करून प्लेट बसवली, गुडघ्याच्या खालपर्यंत प्लास्टर आहे आणि सहा आठवडे तो पाय जमिनीला टेकवायचा नाही, हे सगळे त्यांनी नीट सांगितले. ते ऐकून वाईट वाटले, पण घाबरलो नाही. घाबरलो ते त्यांच्या शेवटच्या वाक्याने. ‘ह्यांना मी कूससुद्धा बदलू देत नाही,’ असे त्या मोठ्या समाधानाने म्हणाल्या, आणि म्हणून सकाळी उठल्या उठल्या हे पत्र लिहायला बसलो आहे.

दोन वर्षांपूर्वी मणक्यातली गादी सरकली तेव्हा डॉक्टरांनी मला चारच दिवस पडून राहायला सांगितले होते. मी त्याचे तीन आठवडे केले. दुखणाईताने हलू नये ही आपल्याकडची जुनी समजूत, आणि घरच्यांच्या प्रेमाने तिला बळच मिळते. पाण्याचा तांब्यासुद्धा मला हातात मिळत असे. अठराव्या दिवशी डाव्या पोटरीत दुखू लागले. गोळा आला असेल असे समजून आमच्या हिने तेल कोमट करून दोन दिवस पोटरी चांगली रगडली. तिसऱ्या दिवशी पायजमा एकाच पायाला तंग होतो म्हणून मी कुरकुरलो, तेव्हा हिने शिवणाची टेप आणून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी चौतीस सेंटिमीटर भरली, डावी अडतीस. त्याच दुपारी डॉप्लर सोनोग्राफी झाली आणि गुडघ्यामागच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. पुढे तीन महिने गोळ्या घेतल्या. डॉक्टरांनी पहिली गोष्ट कोणती सांगितली असेल, तर पायाला कोणी हात लावायचा नाही. कारण चोळण्याने गुठळीचा तुकडा सुटला, तर तो शिरेतून हृदयात आणि तिथून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो, आणि ते जिवावर बेतू शकते.

हे होते कसे, ते मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावले. हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलते खरे, पण ते परत वर चढवण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. स्नायू आवळला की त्यातल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांच्या आत झडपा असतात, त्या त्याला माघारी येऊ देत नाहीत. आपण निजून राहिलो की हा पंप बंद पडतो आणि रक्त रेंगाळते. रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, अशी गुठळीची तीन कारणे आजही सांगितली जातात आणि ती रुडॉल्फ फिर्खो या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन वैद्यकाच्या नावाने ओळखली जातात. तुझा हिशेब मांडून पाहा: अंथरूण आहे, हाड मोडले आहे, ऑपरेशन झाले आहे. शिवाय तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून तुझ्या पोटऱ्यांवर ज्या निळ्या, गाठाळ शिरा आल्या आहेत, त्या डॉक्टरांना मुद्दाम दाखव. तू त्या धोतराखाली झाकून ठेवशील हे मला ठाऊक आहे.

आता व्यायाम. सर्वांत महत्त्वाचा एकच, आणि तो प्लास्टर नसलेल्या उजव्या पायाने तू हे पत्र वाचतानाही करू शकतोस. टाच गादीवर ठेवून चवडा स्वतःकडे ओढायचा, पोटरी ताणली गेल्याचे जाणवेपर्यंत. दोन-तीन सेकंद तिथेच धरायचा, मग तुझ्या आई पायाने शिलाई मशीन दाबायच्या तसा पुढे दाबायचा. सावकाश, पण पुरता. मी सुरुवातीला पाय नुसता हलवत असे, तेव्हा बाईंनी माझ्या पोटरीवर बोटे टेकवून म्हटले, ‘काका, हे इथे कडक झाले पाहिजे, नाहीतर पंखा हलवल्यासारखे आहे.’ असे दहा ते वीस वेळा, आणि जागा असशील तोवर दर तासाला. तुमच्या माजघरात टोल्यांचे घड्याळ आहे; टोले पडले की पाय चालू, एवढाच नियम ठेव. मध्येच कंटाळा आला तर घोटा गोल फिरवावा, त्यानेही पोटरी जागी राहते.

प्लास्टरमधल्या पायाचा घोटा हलणार नाही, आणि हलवण्याचा प्रयत्नही करू नकोस. तिथे तुझे सर्जन परवानगी देतील तेवढेच करायचे. साधारणपणे बोटे हलवायला आणि मांडी आवळायला सांगतात. मांडी आवळणे म्हणजे गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबून पाच अंक मोजायचे आणि सोडायचे. बघणाऱ्याला काही हललेलेसुद्धा दिसत नाही, पण मांडी दगडासारखी होते. बसायची बाजूही अशीच आवळून सोडता येते. हे करताना श्वास मात्र कोंडू नकोस. उजव्या पायाची टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणे आणि परत सरळ करणे, हेही दिवसातून तीन-चार वेळा व्हावे. त्याच्या जोडीला पोट फुगेल असे दीर्घ श्वास घे. छातीत हवा भरताना पायांकडचे रक्तही वर ओढले जाते.

पाय उंच ठेवायला सांगितला असेल, तर उशी एकट्या गुडघ्याखाली खुपसू नये. सगळ्या पायाला आधार मिळून टाच वर राहील अशी रचना करावी. आणि पाणी पी. आमच्या हिला पुन्हा पुन्हा भांडे द्यावे लागते या संकोचाने मी दुपारनंतर पाणीच पीत नसे, हा मूर्खपणा तू करशील याबद्दल मला शंका नाही. अंगातले पाणी कमी झाले की रक्त दाट होते. पोटावर टोचायचे इंजेक्शन किंवा रक्त न गोठण्याची गोळी चालू असेल, तर व्यायाम करतो म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. आणि चालू नसेल, तर मला गरज आहे का, हे डॉक्टरांना सरळ विचारावे. वॉकर घेऊन एका पायावर उभे राहायची परवानगी मिळाली की त्याच दिवशी उभा राहा.

एका बाबतीत मात्र वहिनींचे ऐकू नकोस. पोटरी दुखली, एकाच पायाला सूज आली, कातडी गरम किंवा लालसर वाटली, प्लास्टर एकाएकी घट्ट झाले किंवा त्या पायाची बोटे बधिर, निळसर पडली, तर चोळणे, शेकणे, चेपणे काही नाही. व्यायामही थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. आणि अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा. हा परिच्छेद वहिनींना मोठ्याने वाचून दाखव.

त्यांच्याकडे शिवणाची टेप असणारच. प्लास्टरमुळे डावी पोटरी मोजता येणार नाही, पण उजवी येईल आणि दोन्ही मांड्याही येतील. गुठळी चांगल्या पायातही होऊ शकते. रोज सकाळी त्याच वेळी, त्याच जागी मोजून आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांग. रविवारी फोन करीन तेव्हा तब्येत कशी आहे असे विचारणार नाही, कारण तू ‘उत्तम’ म्हणशील. कॅलेंडर वहिनींना वाचायला सांगेन.

तुझा,
बालमित्र