एक्स-रेच्या कडेलाही बघा

मा. संपादक,
स. न.

मी परभणी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. दोन वर्षं माझा डावा कान ठणकत होता. थेंब घातले, गोळ्या झाल्या, पण कानात दोष काही सापडेना. जांभई दिली की कानापाशी कट्ट वाजायचं. पुढंपुढं तोंडात दोन बोटंही जाईनात. भाकरी दुधात कुस्करून गिळायची वेळ आली. एका दवाखान्यात तर तपासण्याआधीच विचारलं, "गुटखा खाता का?" गुटख्यानं तोंड आखडलेली माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत, हे खरंच. पण कधी सुपारीचं खांडही न चघळलेल्या बाईला तो प्रश्न फार लागतो.

शेवटी छत्रपती संभाजीनगरला एका दंतवैद्यांनी माझा जुना ओपीजी, म्हणजे सगळे दात आणि जबडा एकत्र दाखवणारा एक्स-रे, मागितला. अक्कलदाढेसाठी काढलेला. फिल्म उजेडात धरून त्यांनी बोट ठेवलं ते दाढेवर नाही, पार कडेला. जबड्याच्या हाडाचं एका बाजूचं टोक छान गोल होतं, दुसऱ्या बाजूचं झिजून चपटं झालेलं. तीच फिल्म दोन वर्षं माझ्या कपाटात पडून होती.

हे टोक जिथं बसतं, तो जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढं असतो, म्हणून दुखणं कानाचं वाटतं. 1934 साली या तक्रारींकडं लक्ष वेधणारे अमेरिकेतले डॉ. कॉस्टेन हे कान-नाक-घशाचेच डॉक्टर होते! ओपीजीत हाडाची ढोबळ झीज कळते, सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये, ती सगळ्या बाजूंनी दिसते. सांध्यातली चकती सरकली का, हे मात्र तोंड मिटून आणि उघडून केलेल्या एमआरआयमध्येच कळतं. अर्थात प्रत्येकाला या तपासण्या नकोत. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर बहुतेकदा उपचारही लागत नाहीत.

माझं म्हणणं आधीच काढलेल्या ओपीजींबद्दल आहे. मराठवाड्यात दाढांसाठी ते रोज निघतात. त्यांच्या रिपोर्टमध्ये दोन्ही सांध्यांबद्दल दोन ओळी का असू नयेत? संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयानं रुग्णाची संमती घेऊन, नाव काढून हे एक्स-रे जपावेत. सोबत तोंड किती मिलिमीटर उघडतं, कुठं दुखतं, तंबाखू-सुपारी आहे का, याची नोंद असावी. कुणाचं हाड झिजलंय, कुणाचे स्नायू आखडलेत आणि कुणाचं दुखणं गुटख्याचं, हे आपल्याच माणसांच्या नोंदींतून अभ्यासता येईल. सांध्याचा हा विकार बायकांमध्ये जास्त आढळतो, आणि घरात बाईचं कान दुखणं कोण मनावर घेतं?

माझी फिल्म अभ्यासाला द्यायला मी तयार आहे.

– एक शिक्षिका, जि. परभणी