अर्ज तेवढा भर

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप परवा रात्रपाळीत वाचला. "या वेळी नॉर्सेटचा अर्ज भरणार नाही, आता पुरे झाले," एवढेच तू लिहिले होतेस. नॉर्सेट म्हणजे आपली एम्समधली नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, ती अशी सोडून देणे मला पटेना. त्यावर फोन करण्याऐवजी सविस्तर लिहावे असे ठरवले, कारण फोनवर आपण दोघेही दोन मिनिटांत पगाराच्या आणि सुट्ट्यांच्या गोष्टींवर येतो आणि मूळ विषय राहून जातो.

गेल्या वेळी पेपर देऊन हुतात्मा एक्सप्रेसने परतताना आपण सबंध वाटेत एकमेकांशी धड बोललो नव्हतो. बार्शीला जायचे म्हणून तू कुर्डुवाडीला उतरलास आणि उतरता उतरता म्हणालास, "आपल्याला येत नाही, एवढेच खरे." मी तेव्हा मान डोलावली होती. आज मात्र मला ते मान्य नाही आणि का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

गेल्या महिन्यात आपण मिळून सोडवलेल्या सराव चाचण्यांचा गठ्ठा मी पुन्हा काढला आणि आपल्या दोघांच्या चुका एका वहीत उतरवल्या. कोणता प्रश्न अजिबात माहीत नव्हता आणि कोणता अर्धवट माहीत होता, हे प्रत्येक चुकीपुढे लिहीत गेलो. अजिबात माहीत नसलेले प्रश्न फार थोडे निघाले. निम्म्याहून अधिक चुका अशा जागी होत्या, जिथे आपल्याला उत्तर ठाऊक असायलाच हवे होते.

त्यातला एक प्रश्न तुझाच आहे. झटके थांबवायला देतात त्या मॅग्नेशियम सल्फेटची मात्रा जास्त झाल्याचे सर्वांत आधी दिसणारे लक्षण कोणते, असे विचारले होते आणि तू श्वसन मंदावणे या पर्यायावर खूण केली होतीस. आता मागच्या पावसाळ्यातली ती रात्र आठव. आयसीयूत झटके आलेली बाळंतीण होती, पुढचा डोस द्यायचा होता आणि इंजेक्शन भरण्याआधी तू तिच्या गुडघ्याखाली एक हात घालून दुसऱ्या हाताने हातोडी हलकेच मारून पाहिलीस. पाय किंचित उडाला. मग तू पूर्ण एक मिनिट श्वास मोजलेस, लघवीच्या पिशवीतला आकडा तक्त्यावर लिहिलास आणि त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचा अँप्यूल ट्रेमध्ये आहे की नाही, हे मला दोनदा विचारलेस. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आधी जाते आणि श्वसन त्यानंतर मंदावते, म्हणूनच तर आपण आधी गुडघा पाहतो. तुझ्या हाताला ते पक्के ठाऊक होते. कागदावर मात्र तुला गाइडमधली यादी आठवली आणि त्या यादीतले सर्वांत भयंकर लक्षण तू निवडलेस.

माझी चूक नेमकी उलटी आहे. 1000 मिली सलाइन 8 तासांत द्यायचे, तर मिनिटाला किती थेंब, हा प्रश्न मी न वाचताच सोडवला. आपल्या वॉर्डातला सलाइनच्या नळीचा सेट मिलीला 20 थेंबांचा, त्यामुळे 1000 गुणिले 20 भागिले 480, म्हणजे साधारण 42 हे उत्तर मला तोंडपाठ होते. प्रश्नात सेट 15 थेंबांचा दिला होता आणि उत्तर 31 होते. पर्यायांत 42 हाही आकडा होता. प्रश्न काढणाऱ्याला माझ्यासारख्याची सवय चांगलीच माहीत असली पाहिजे.

म्हणून या वेळी मी अभ्यासाची रीतच बदलली आहे. नवे गाइड घेतलेले नाही. ड्युटीवर दिवसभर जे करतो, त्यातली एक गोष्ट रात्री घेतो आणि ती आपण का करतो, तीच का आधी करतो, हे पाठ्यपुस्तकात शोधून स्वतःच्या शब्दांत लिहून काढतो. परवा मुलांच्या वॉर्डात सीपीआरची, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याची, उजळणी झाली, तेव्हा मुलासाठी दोन जण असतील तर 15 दाबांना 2 श्वास आणि एकटाच असेल तर 30 ला 2, हा फरक मला ठामपणे सांगता आला नाही. त्या रात्री तेवढेच वाचले. मुख्य परीक्षेत रुग्णाची हकिकत देऊन आधी काय कराल असे विचारतात, तिथे हीच सवय उपयोगी पडणार आहे.

उणे गुणांची तुला फार धास्ती वाटते, म्हणून त्याचाही हिशेब करून पाहिला. एका चुकीला एक तृतीयांश गुण जातो. चार पर्यायांपैकी डोळे मिटून 12 ठिकाणी खुणा केल्या, तर सरासरीने 3 बरोबर आणि 9 चूक येतात, म्हणजे 3 मिळाले आणि 3 गेले. अंदाजाने नुकसान होत नाही आणि फायदाही होत नाही. पण प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर त्याच 12 प्रश्नांत 6 बरोबर, 6 चूक आणि निव्वळ 4 गुण पदरात पडतात. तू भीतीने असे कितीतरी प्रश्न कोरे सोडले होतेस. मला त्याचे फार वाईट वाटते, कारण दोन पर्याय खोडण्याइतके ज्ञान तुझ्यापाशी नक्कीच होते.

वेळेचे मात्र कठीण आहे. पूर्व परीक्षेत 100 प्रश्नांना 90 मिनिटे, तीही 20 प्रश्नांच्या पाच भागांत, प्रत्येक भागाला 18 मिनिटे. आणि एक भाग संपला की मागे जाता येत नाही. त्यासाठी मी रोज संध्याकाळी मोबाइलवर 18 मिनिटांचा गजर लावून 20 प्रश्न सोडवतो. आई शेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते. पान कापणे, तंबाखू भरणे, दोरा गुंडाळणे हे सगळे तिचे न पाहता चालते. गजर वाजला की ती हात थांबवून विचारते, "झाले का रे सगळे?" पहिल्या आठवड्यात सहा-सात प्रश्न राहून जात. आता एखाद-दुसरा राहतो.

सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्तेच्या 20 प्रश्नांत मी अजून कच्चा आहे. डॉ. कोटणीस 1938 साली चीनला गेले हे आपल्या गावामुळे पाठ आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. तुझे गणित चांगले आहे, त्यामुळे तिथे मला तुझी मदत लागेल.

जागांबद्दल तू जे म्हणतोस ते खरे आहे. आपण बसलो त्या भरतीत 80 टक्के जागा महिलांसाठी होत्या आणि उरलेल्या 20 टक्क्यांसाठी देशभरातले ब्रदर, म्हणजे आपल्यासारखे पुरुष नर्स, झगडत होते. ही अडचण मी लहान करून सांगणार नाही. पण तू 29 वर्षांचा आहेस, ओबीसी म्हणून तुला 33 पर्यंत मुभा आहे आणि जीएनएमवाल्यांना, म्हणजे आपल्यासारख्या नर्सिंगची पदविका केलेल्यांना, 50 खाटांच्या रुग्णालयातला जो दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुझा कधीच पुरा झाला आहे. आजवर इतक्या रात्रपाळ्या केल्यावर केवळ एका सराव चाचणीच्या निकालाने आणि एका प्रवासातल्या उदासीने तू बाजूला व्हावेस, हे मला पटत नाही.

आता कामाचे. तुझा नॉन-क्रीमीलेअरचा दाखला राज्याच्या नमुन्यातला आहे. एम्सला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि त्याची तारीखही जाहिरातीत दिलेल्या मुदतीतच बसावी लागते. सेतू कार्यालयात त्याला किती दिवस लागतात ते तुला माहीतच आहे, म्हणून उद्याच अर्ज टाक. अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या लिहून घ्यायला विसरू नकोस. माझ्या दाखल्यावर ती राहिली होती आणि मला पुन्हा खेटे घालावे लागले.

पुढच्या रविवारी माझी सुट्टी आहे. सकाळच्या एसटीने ये. दोघे मिळून पूर्ण 90 मिनिटांचा पेपर सोडवू आणि मग एकमेकांच्या चुका तपासू. येताना तुझ्याकडे असलेले मेडिकल-सर्जिकलचे जाड पुस्तक आण, माझ्या प्रतीतली मूत्रपिंडाच्या प्रकरणाची पाने सुटली आहेत. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणार असल्याचे आईने आत्ताच सांगून ठेवले आहे.

तुझ्या आई-वडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
सोलापूरचा मित्र