शाळेच्या कौलांसाठी

स्विंडन, इंग्लंड, रविवार

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

मामींचा गुडघा आता कमी दुखतो, असं आईकडून कळलं. बरं वाटलं. हे पत्र मात्र कामाचं आहे. सावंतवाडीहून एकदा डिचोलीला येऊन आमच्या वाड्यावरच्या शाळेसाठी निवेदन लिहून द्याल का? तुमच्यासारखा मजकूर आमच्यात कुणाला जमत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनीने व्हिडिओ कॉलवर शाळा दाखवली. दुसरीत मी जिथे बसायचे तिथली तीन कौलं फुटलीत आणि गळतीखाली पातेलं ठेवलंय. मधल्या सुट्टीत मुलं पावभाजीची ताटली छातीशी धरून कोरड्या भिंतीकडे सरकत होती. पट १९. चार वर्ग आणि बाई एकट्याच. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण दुसऱ्या बाईंची बदली झाली ती जागा भरलीच नाही.

आता पैशांचं. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये अनुदान, त्याच्या पुढे १०० पर्यंत २५,०००. आमच्या वेळी पट साठाच्या वर असायचा. पण मुलं कमी झाली म्हणून छप्पर लहान होत नाही, मामा. वीज, झाडू, खडू, दुरुस्ती, सगळं त्या दहा हजारांत कसं बसवायचं?

आणि मुलं कमी का झाली ते तुम्हाला ठाऊक आहेच. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालल्या, मार्च २०१८ ला पुन्हा थांबल्या. दादाचा ट्रक दारात उभा आणि बँकेचे हप्ते चालूच. ज्यांना जमलं त्यांनी मुलांना अनुदानित शाळेच्या बालरथ बसमध्ये बसवून शहराकडे धाडलं. मागे राहिली ती ज्यांना कुठेच जाता आलं नाही त्या घरांची. म्हणजे ही १९ मुलं वाड्यावरची सगळ्यात गरीब १९ आहेत, आणि नेमका त्यांचाच वाटा कमी झालाय. हेच मला सहन होत नाही.

इथे मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते ना, तिथलं एक सांगते. इथल्या पहिल्या तीन इयत्तांना जेवण सगळ्यांनाच फुकट. तरीही ऑफिसातल्या बाई मला बोलावतात आणि म्हणतात, तुमच्या गोव्याच्या आयांना समजावा, कमी उत्पन्नाचा फॉर्म भरायला सांगा. कारण गरीब घरातल्या प्रत्येक मुलामागे सरकार शाळेला जादा पैसे देतं. प्युपिल प्रीमियम म्हणतात त्याला, २०११ पासून आहे. एकदा नाव लागलं की परिस्थिती सुधारली तरी सहा वर्षं धरतात. आया लाजतात. आपली गरिबी कागदावर कोण लिहील? मी कोंकणीत सांगते, बाय, हे भीक मागणं नव्हे, तुझ्या लेकराच्या वर्गात एक जादा शिक्षक येईल. मग सही करतात. इथेही सगळं आलबेल नाही, पण पैसा डोकी मोजून थांबत नाही, घराकडेही बघतो.

आपल्या निवेदनात एवढंच हवं: पटाबरोबर घरची परिस्थितीही धरा. पैसा नाही असं कोणी म्हणालं तर जिल्हा खनिज निधीकडे बोट दाखवा. खाणग्रस्त भागासाठीच तो उभारलाय, आणि त्यातला किमान ६० टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण अशा गरजांवर खर्च करायचा असं केंद्राने २०१५ सालीच ठरवलं होतं, २०२४ पासून तर ते ७० टक्के झालंय. आमच्याच डोंगरातल्या मातीचा तो पैसा आहे. तीन कौलं आणि एक शिक्षक, यापलीकडे त्यातून आम्हाला काय हवंय?

एक प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना, एक पर्वरीला शिक्षण संचालकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. भाषा कडक चालेल, पण बाईंवर काही येऊ देऊ नका, त्या एकट्या शाळा सांभाळताहेत. पालक-शिक्षक संघाच्या सह्या वहिनी गोळा करते आहे. हजेरीपटाची झेरॉक्स आणि गळक्या छपराचे फोटो दादाकडे आहेत. येत्या रविवारी तो दोडामार्गमार्गे तुम्हाला न्यायला येईल. सकाळी आठला तयार राहा, आणि मामींनाही घेऊन या.

तुमची भाची