नोकरी सोडण्याचं कौतुक पुरे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आयटीतली नोकरी सोडून शेती, बेकरी आणि कुंभारकामाकडे वळलेल्या पुणेकरांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. तिन्ही फोटोंत माणसं हसत होती. मीही त्यांच्यातलीच. हिंजवडीच्या फेज 3 मध्ये 12 वर्षं सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलं, दीड वर्षापूर्वी बाहेर पडले आणि आता नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते. माझा फोटो काढला असता तर मीही हसले असते. फोटोत हसायचं असतं, हे मी सरावाने शिकले आहे.

36व्या वर्षी मला ऑटिझम (स्वमग्नता) आणि एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाणं) दोन्ही असल्याचं कळलं. मानसोपचारातल्या ज्या अमेरिकी निदानपुस्तिकेचा आपल्याकडेही आधार घेतात, तिच्यानुसार 2013 पर्यंत ही दोन निदानं एकाच माणसाला देता येत नसत. त्यामुळे माझ्या पिढीतले किती जण नुसतेच ‘विक्षिप्त’ म्हणून मोठे झाले असतील, कोण जाणे. आई अजून म्हणते, “अगं, शाळेत पहिल्या पाचात असायचीस, तुला कसलं आलंय ऑटिझम?”

काम मला मनापासून आवडायचं. हजार ओळींत एक चूक दडलेली असली की ती मला खुपायची, सापडल्याशिवाय चैन पडायचं नाही. झेपेना ते कामाच्या अवतीभवतीचं. बसायची जागा ठरलेली नाही. रोज लॉकरमधून लॅपटॉप काढायचा आणि मिळेल ती खुर्ची धरायची. डोक्यावर एसीचा झोत, शेजारी कुणाचा तरी कॉल, मध्येच मागून खांद्यावर हात. सूचना सगळ्या तोंडी. “जरा बघून घे ना.” किती बघायचं आणि कधीपर्यंत? हे विचारलं की मी आगाऊ ठरायची. अप्रेझलमध्ये सलग चार वर्षं एकच शेरा : काम उत्तम, टीममध्ये मिसळत नाही. म्हणून मिसळण्याचा अभिनय शिकले. कुणाच्या विनोदावर कितपत हसायचं, डोळ्यांत किती वेळ बघायचं, याचा हिशेब दिवसभर डोक्यात चालू. कंपनीची बस वाकडच्या पुलाशी येईपर्यंत माझं बोलणं बंद झालेलं असे. शेवटच्या वर्षी तर घराखालच्या भाजीवाल्याला “पाव किलो” एवढंही सांगता येईना. बोट दाखवून भाजी घ्यायचे.

सोडण्याआधी मी तीन गोष्टी मागितल्या होत्या : भिंतीकडेची एक ठरलेली जागा, सूचना लेखी, आणि सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, बोलण्याऐवजी लिहून द्यायची मुभा. यात कंपनीचा एक रुपयाही जाणार नव्हता. एचआरच्या मॅडम आधी म्हणाल्या, “सगळेच मागायला लागले तर?” मग म्हणाल्या, “सर्टिफिकेट आहे का?”

इथे थोडं कायद्याचं सांगते, कारण आपल्या लेखात ते अवाक्षरानेही नव्हतं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 झाले. त्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता आहेत, मानसिक आजार आहेत. एडीएचडीचं नाव यादीत नाही. 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं ते आरक्षणासारख्या लाभांसाठी. वाजवी सोयी, म्हणजे मी मागितले तसे छोटे बदल, मिळायला ती अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केलं. पण कर्मचाऱ्याला अशा सोयी द्यायचं थेट बंधन याच कायद्यातल्या कलम 20 ने घातलंय ते सरकारी आस्थापनांवर. 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीने समान संधी धोरण तयार करून ते जाहीर करायचं असतं. आमच्या कंपनीचं धोरण वेबसाइटवर होतं की! वर व्हीलचेअरचा फोटो, खाली रॅम्पचा आणि लिफ्टचा उल्लेख. रॅम्प हवाच. मला भिंतीकडेची खुर्ची हवी होती.

नोटीस पिरियड 90 दिवसांचा. 1 लाख 10 हजारांवरून पगार आला 34 हजारांवर. कंपनीचा मेडिक्लेम गेला. मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण द्यावं, असं 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, पण स्वतःची नवी पॉलिसी घेताना ‘आधीपासूनचा आजार’ आणि त्याचा प्रतीक्षाकाळ आडवा येतोच. कोथरूडच्या फ्लॅटचा हप्ता आईच्या पेन्शनला धरून भागतो. निवृत्त शिक्षिकेच्या जिवावर केलेल्या या गोष्टीला आपण ‘धाडस’ म्हणता, तेव्हा मला ओशाळल्यासारखं होतं.

छापखान्यात बरी आहे, हे मात्र खरं. मराठी शुद्धलेखनाचे नियम 18 : 14 नियम 1962 चे, 4 नियम 1972 चे. शेवटचा इकार दीर्घ, अपवाद ‘आणि’ नि ‘नि’. अपवादसुद्धा लिहून ठेवलेले! कुणाची मर्जी फिरली म्हणून ते बदलत नाहीत. मालक सकाळी एवढंच म्हणतात, “ताई, दुसरं मुद्रित टेबलावर ठेवलंय, गुरुवारी द्या.” आमची मीटिंग संपली. यंत्राचा खडखडाट भरपूर असतो, दिवाळी अंकांच्या दिवसांत तर विचारू नका. पण तो एकसुरी असतो. मधूनच तो माझं नाव घेऊन हाक मारत नाही.

जुन्या टीममधल्या एका सहकाऱ्याचं माझ्यासारखंच आहे. त्याला दोन मुलं, बायकोची नोकरी नाही, कर्ज माझ्या दुप्पट. तो अजून रोज जिन्यात जाऊन दहा मिनिटं डोळे मिटून बसतो आणि परत येतो. लेख वाचून त्याने मला मेसेज केला, “मी कुठली बेकरी काढू?” पुढच्या पुरवणीत त्याच्यासारख्यांबद्दल लिहा. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या दहा कंपन्यांची धोरणं मागवा आणि त्यांत ठरलेल्या जागेबद्दल, लेखी सूचनांबद्दल एखादी ओळ तरी आहे का ते छापा. मुद्रितं मी फुकट तपासून देईन. गरज आहे, त्या लेखात ‘आणी’ दोनदा दीर्घ छापलं गेलंय.

नाव मात्र छापू नये, ही विनंती. हप्ते अजून 6 वर्षांचे आहेत. पुन्हा हिंजवडीलाच अर्ज करायची वेळ आली, तर तिथे माझं नाव शोधणारं कुणीतरी असेलच.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे