रिमोट डेस्कटॉपवरील छपाई वारंवार बंद पडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक साहाय्य विभाग

विषय: रिमोट डेस्कटॉप सेशनमधून प्रिंटर अचानक नाहीसा होणे, पट्टी चुकीच्या मापात छापली जाणे आणि मूळ कारण न शोधता तक्रारी परस्पर बंद केल्या जाणे याबाबत.

महोदय,

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या कुटुंबाचे हळद आणि बेदाण्याचे अडत दुकान असून तेथील हिशोबाचे काम मी पाहते. आमचे हिशोबाचे सॉफ्टवेअर आणि त्यातील सगळा डेटा आपल्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे. गाळ्यावरच्या दोन संगणकांवरून आमचे दिवाणजी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे त्या सर्व्हरचा पडदा आपल्या संगणकावर उघडून, त्याला जोडून घेतात; अशा प्रत्येक जोडणीला सेशन म्हणतात. नोंदी तिकडे होतात आणि छपाई गाळ्यातल्या आमच्या स्वतःच्या प्रिंटरवर होते. ही व्यवस्था बरीच वर्षे विनातक्रार चालली, हे प्रथम नमूद करते. पुढे आपण आम्हाला नव्या सर्व्हरवर हलवलेत. त्या वेळी आलेल्या ईमेलमध्ये ग्राहकाला आपल्या बाजूने कोणताही बदल करावा लागणार नाही असे स्पष्ट म्हटले होते, परंतु त्यानंतर लगेचच छपाईचे जे रडगाणे सुरू झाले, ते हळदीचा हंगाम ऐन भरात आला तरी संपलेले नाही.

अडत दुकानात कागद निघाला नाही तर काय होते, हे दूर बसून लक्षात येणे कठीण आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सौदा होऊन वजन झाले की शेतकऱ्याला पट्टी द्यावी लागते. पोत्यांची संख्या, वजन, दर, हमाली, तोलाई आणि हाती पडणारी रक्कम असे सगळे त्या एका कागदावर असते आणि तो मिळाल्याशिवाय शेतकरी गाळ्यावरून हलत नाही. त्याने हलूही नये. खरेदीदाराच्या मालाचे बिल तर तीन प्रतींत लागते. मूळ प्रत घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला आणि तिसरी आमच्या दप्तरी, असे वस्तू व सेवा कराच्या नियम ४८ मध्येच सांगितले आहे. याच कारणाने आम्ही तीन पदरी सलग कागदावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालवतो; तो ठोके देऊन छापतो, म्हणून तिन्ही प्रती एकदम निघतात. ‘इतका जुना प्रिंटर अजून का ठेवला आहे?’ असे आपल्या एका प्रतिनिधीने मला फोनवर विचारले होते, त्यांनाही हेच उत्तर कळवावे.

आता बिघाडाबद्दल. सकाळी लॉगिन केल्यावर सेशनमध्ये आमचा प्रिंटर दिसतो, त्याच्या नावापुढे ‘रीडायरेक्टेड’ हा शब्द आणि सेशनचा क्रमांक असतो, आणि पट्ट्या निघू लागतात. मग सौदे जोरात असताना, कोणी कशालाही हात लावलेला नसताना, प्रिंटर यादीतून नाहीसा होतो. मागे उरतात ते सर्व्हरवरचे पीडीएफ आणि एक्सपीएस (पीडीएफसारखाच एक प्रकार) फाइल बनवणारे प्रिंटर, आणि सॉफ्टवेअर त्यांपैकी एकाकडे पट्टी पाठवून मोकळे होते. फाइल कोठे साठवायची असे विचारणारी चौकट मुख्य विंडोच्या मागे उघडते, ती दिवाणजींच्या नजरेस पडत नाही, आणि कागद का येत नाही म्हणून ते छपाईचे बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतात. लॉगआउट करून पुन्हा आत गेल्यावर प्रिंटर कधी येतो, कधी येत नाही. आला तरी नव्या सेशनचा क्रमांक वेगळा असल्यामुळे त्याचे नाव बदललेले असते. सॉफ्टवेअरने मात्र जुने नाव लक्षात ठेवलेले असते, त्यामुळे प्रत्येक वेळी प्रिंटर हाताने निवडावा लागतो. समोर पाच-सहा शेतकरी उभे असताना हे करायचे म्हणजे काय, याची कल्पना आपण करावी.

दुसरा त्रास कागदाच्या मापाचा. आमची पट्टी दहा इंच रुंद आणि सहा इंच उंच अशा छापील कागदावर निघते. नव्या सर्व्हरवर आल्यापासून तिचे माप मधूनच ए-४ होते. मजकूर सहा इंचांत संपतो, पण प्रिंटर कागद ए-४च्या लांबीइतका पुढे ढकलतो. फाडायची रेघ चुकते, आणि पुढच्या पट्टीवरचे शेतकऱ्याचे नाव छापील चौकटीऐवजी थेट बेरजेच्या रकान्यात जाऊन पडते. अशी पट्टी कोणाच्या हातात देता येत नाही. ती रद्द करायची, तिन्ही पदर बाजूला काढायचे, कागद हाताने फिरवून रेघ जुळवायची आणि पुन्हा छापायचे, यात जो वेळ आणि कागद जातो त्याचा हिशोब आम्ही ठेवणेच सोडून दिले आहे.

दोष आमच्याकडे नाही ना, याची खात्री आम्ही तक्रार करण्यापूर्वीच करून घेतली होती. त्याच संगणकावरून, सेशनच्या बाहेर, नोटपॅडमधून छापलेले पान व्यवस्थित निघते. रिमोट डेस्कटॉपच्या ‘लोकल रिसोर्सेस’ या भागात प्रिंटरसमोरची खूण केलेली आहे आणि जोडणीच्या फाइलमध्येही प्रिंटर पुढे पाठवण्याची सूचना चालू आहे. केबल बदलून पाहिली, प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, आमच्या दोन्ही संगणकांना वेगवेगळ्या जातीचे प्रिंटर जोडलेले असूनही ते एकाच मिनिटाला नाहीसे होतात. आमच्या ओळीतील आणखी एक अडतदार आपलेच ग्राहक आहेत. त्यांचे इंटरनेट वेगळ्या कंपनीचे आहे, तरीही त्यांचा प्रिंटर त्याच क्षणी जातो. या सगळ्यांत समान असे काही असेल तर तो आपला सर्व्हरच.

हे सर्व मी प्रत्येक तिकिटात, म्हणजे आपल्याकडे नोंदवलेल्या तक्रारीत, लिहिले होते. तरीही दर वेळी नवा प्रतिनिधी नव्याने सुरुवात करून ‘ड्रायव्हर पुन्हा टाका’, ‘इंटरनेट मंद असेल’, ‘प्रिंटर बदलून पाहा’ हीच उत्तरे देत राहिला. जे इतर उपाय सुचवले गेले त्यांतले काही तर मला धोक्याचे वाटतात. एकाने प्रिंटरला ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ हा ड्रायव्हर लावून दिला, तेव्हा आमच्या मराठी पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे उमटली. दुसऱ्याने आमच्या राउटरवर ९१०० हा पोर्ट (प्रिंटरकडे थेट छपाई पाठवण्याची वाट) बाहेरच्या जगासाठी उघडून प्रिंटर थेट इंटरनेटवर आणण्याचा सल्ला दिला. आमचा संगणक दुरुस्त करणाऱ्याने तो ऐकताच साफ नकार दिला, आणि तो बरोबर होता.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे. ड्रायव्हर टाकता यावा म्हणून आपल्या विभागाने आमच्या दिवाणजींच्या खात्याला थेट प्रशासकाचे अधिकार देऊन टाकले. २०२१च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधील (छपाईची कामे रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणाऱ्या सेवेतील) ‘प्रिंटनाइटमेअर’ हा दोष जगभर गाजला आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमधील अपडेटपासून प्रशासक नसलेल्यांना अशा रीतीने प्रिंटर ड्रायव्हर टाकण्याची मुभा काढून घेण्यात आली, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. जी मर्यादा सुरक्षिततेसाठी घातली गेली ती ओलांडण्यासाठी अनेक ग्राहकांच्या सामायिक सर्व्हरवर एका अडत दुकानाच्या दिवाणजींना प्रशासक करणे, हा कोणत्या प्रकारचा उपाय आहे? त्या दिवशी आमच्या यादीत इतर सेशनचे क्रमांक असलेले अनोळखी प्रिंटर दिसू लागले. आमची पट्टी दुसऱ्या कोणाच्या दुकानात किंवा त्यांची बिले आमच्या गाळ्यात छापली जाण्यास तेव्हा कोणतीच अडचण नव्हती. मी स्वतः फोन करून ते अधिकार काढून घ्यायला लावले.

आपल्याच एका तरुण अभियंत्याने मात्र एकदा आपली स्क्रीन दाखवून सर्व्हरवरील नोंदी माझ्यासमोर उघडल्या, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. प्रिंट स्पूलर ही सेवा अनपेक्षितपणे बंद पडल्याची ७०३१ क्रमांकाची नोंद तेथे होती आणि तिची वेळ आमचा प्रिंटर गेल्याच्या वेळेशी जुळत होती. त्याखाली ११११ क्रमांकाच्या नोंदी होत्या. अमुक प्रिंटरला लागणारा ड्रायव्हर सर्व्हरला माहीत नाही, असा त्यांचा अर्थ त्यांनीच मला समजावून सांगितला. नव्या सर्व्हरवर निरनिराळ्या ग्राहकांच्या प्रिंटरचे कंपनी ड्रायव्हर (प्रिंटर बनवणाऱ्या कंपन्यांचे) टाकलेले आहेत आणि विंडोजचा ‘इझी प्रिंट’ आधी वापरावा ही सेटिंग बंद ठेवलेली आहे, हेही त्यांच्याकडूनच कळले. यानंतर तर कोडे उरतच नाही. विंडोज सर्व्हर २००८पासून इझी प्रिंट आहे तो याच कटकटीवरचा तोडगा म्हणून: सर्व्हरवर प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर ठेवावा लागू नये, पान एक्सपीएस रूपात ग्राहकाच्या संगणकावर यावे आणि तेथील ड्रायव्हरने ते छापावे. आपण तो बाजूला ठेवून ढीगभर ड्रायव्हर एका स्पूलरवर लादले आहेत. त्यांतला कोणा एकाचा सदोष ड्रायव्हर स्पूलर पाडतो आणि त्यासोबत सर्वांचे प्रिंटर जातात. आपले कर्मचारी स्पूलर पुन्हा सुरू करून तिकीट बंद करतात, परंतु आधीच आत असलेल्या माणसाला पुन्हा जोडून घेतल्याशिवाय त्याचा प्रिंटर परत मिळत नाही, ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही. कागदाच्या मापाचे मूळही बहुधा येथेच असावे, कारण सर्व्हरवरचा ड्रायव्हर सर्व्हरवर नोंदवलेली मापे पाहतो आणि आमचे दहा बाय सहाचे माप नव्या सर्व्हरवर कोणी नोंदवलेलेच दिसत नाही.

या नोंदी पाहण्याचा अधिकार ग्राहकाला नाही आणि तो नसावाच. पण म्हणूनच त्या पाहण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली ठरते. पहिल्याच तक्रारीच्या वेळी कोणी त्या उघडल्या असत्या तर हा हंगाम आम्हाला जुन्या पावती पुस्तकात हाताने पट्ट्या लिहीत आणि रात्री त्याच नोंदी पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये भरत काढावा लागला नसता.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, आपण प्रथम या बिघाडाचे कारण लेखी कळवावे. सामायिक सर्व्हरवरील कंपनी ड्रायव्हर काढून इझी प्रिंट आधी वापरला जाईल अशी सेटिंग करावी, आणि हा बदल बाजार बंद असलेल्या दिवशी आमच्या एका खात्यावर, आमच्या समक्ष, प्रत्यक्ष पट्टी छापून तपासावा. इझी प्रिंटमधून डॉट मॅट्रिक्सची छपाई चित्ररूपात होते आणि थोडी संथ चालते, हे मला माहीत आहे. तेवढे आम्ही चालवून घेऊ. ज्या कारणाने कंपनीचा ड्रायव्हर ठेवणे अपरिहार्य असेल ते कारण सांगावे आणि मग आमचे कागदाचे माप सर्व्हरवर नोंदवून द्यावे. आमच्या दोन्ही संगणकांवर पट्टीचा प्रिंटरच डीफॉल्ट (आपोआप निवडला जाणारा) ठेवलेला आहे, तेव्हा सेशनमध्ये फक्त डीफॉल्ट प्रिंटर येईल अशी सेटिंग आमच्या खात्यांना लावावी आणि सॉफ्टवेअरला नावाने प्रिंटर शोधण्याऐवजी डीफॉल्ट प्रिंटर वापरायला सांगावे, म्हणजे बदलत्या क्रमांकाची कटकट राहणार नाही. सौद्यांच्या वेळेत स्पूलर पुन्हा सुरू करायची वेळ आलीच, तर आधी फोन करावा. आमच्या होकाराशिवाय तिकीट बंद करू नये.

वार्षिक शुल्क आम्ही आगाऊ भरलेले आहे. सर्व्हर बदलल्यापासून छपाई सुरळीत होईपर्यंतच्या काळाचे शुल्क पुढील बिलातून वजा करावे किंवा परत करावे, आणि आमच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार कोणाच्या मंजुरीने दिले गेले याचा खुलासा करावा. यातील दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते.

या पत्राचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाईन. दुकान आमचे कुटुंब स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवते, त्यामुळे सेवा व्यापारी हेतूने घेतली होती असा आक्षेप तेथे घेतला गेला तर त्याचे उत्तर आमच्याकडे आहे. आमचा डेटा दुसऱ्या सेवेकडे हलवायची वेळ आल्यास तो पूर्ण आणि वापरता येईल अशा रूपात मिळावा, याची नोंद आपण आत्ताच घ्यावी.

सोबत चुकीच्या मापात निघालेल्या पट्ट्यांची छायाचित्रे, प्रिंटर नसलेल्या यादीचे स्क्रीनशॉट आणि आजवरच्या तिकिटांचा पत्रव्यवहार जोडला आहे. पट्ट्यांवरची शेतकऱ्यांची नावे झाकलेली आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
हिशोब विभाग,
अडत दुकान, मार्केट यार्ड, सांगली