‘शेअर केले’ म्हणजे नेमके काय केले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील बातम्यांत ‘शेअर केले’ हे क्रियापद अलीकडे इतक्या सैलपणे वापरले जाते, की कोणी नेमके काय केले याचा वाचकाला पत्ता लागत नाही. ‘अभिनेत्याने छायाचित्र शेअर केले’, ‘कार्यकर्त्याने वादग्रस्त मजकूर शेअर केला’ आणि ‘अधिकाऱ्याने कागदपत्रे शेअर केली’ ही तिन्ही वाक्ये दिसायला सारखीच आहेत. पहिल्यात माणसाने स्वतःचे छायाचित्र स्वतः टाकलेले असते, दुसऱ्यात बहुधा दुसऱ्याचे लिखाण पुढे पाठवलेले असते आणि तिसऱ्यात एखादी फाइल ठरावीक माणसांना पाहण्यासाठी खुली केलेली असते. दुसऱ्या वाक्यात मजकूर त्या कार्यकर्त्याने लिहिला की नुसता पुढे ढकलला, हे कळायला काहीच मार्ग नाही, आणि बातमीचा सगळा जीव तर तेवढ्यातच असतो.

शब्द इंग्रजी आहे म्हणून माझी तक्रार नाही. ‘पोस्ट’, ‘टॅग’, ‘फॉरवर्ड’ हे शब्द मराठी विभक्तिप्रत्यय घेऊन आपल्या वाक्यांत केव्हाच मुरले आहेत, त्यांना हुसकावण्यात मला रस नाही. प्रश्न अर्थाचा आहे. इंग्रजीतील ‘शेअर’चा मूळ अर्थ कापून वेगळा केलेला हिस्सा असा आहे, कंपनीचा शेअर हाही तोच हिस्सा. हिस्सा दिला की देणाऱ्याकडचे तेवढे कमी होते. समाजमाध्यमावर देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही, त्यामुळे ‘वाटणे’ हे क्रियापद इथे बसत नाही.

‘सामायिक करणे’ हा सुचवला जाणारा पर्याय मला अर्धाच पटतो. सामायिक भिंत किंवा सामायिक खाते म्हटले की वस्तू एकच असते आणि तिच्यावर हक्क अनेकांचा असतो. इंटरनेटवर ठेवलेली एकच फाइल चार जण उघडतात, एकाने केलेली दुरुस्ती चौघांना दिसते आणि मालकाने परवानगी काढून घेतली की ती बाकीच्यांना उघडत नाही, तेव्हा ‘सामायिक केली’ हे वर्णन चपखल ठरते. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेला संदेश तसा नसतो. मूळ पाठवणाऱ्याने तो सर्वांसाठी खोडला, तरी फक्त त्या एका संभाषणातून तो जातो. दरम्यान इतरांनी पुढे धाडलेल्या प्रती जिथल्या तिथे राहतात. अशा कृतीला ‘पुढे पाठवणे’ हे साधे मराठी असताना ‘शेअर’ कशाला हवे?

ट्विटरचा, म्हणजे आताच्या एक्सचा, इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सुरुवातीच्या काळात दुसऱ्याचे ट्वीट पुढे न्यायचे तर ते उतरवून घेऊन त्याच्या आधी ‘आरटी’ ही दोन अक्षरे आणि मूळ लेखकाचे नाव लिहावे लागे. उतरवताना शब्द बदलले, तरी ते मूळ लेखकाच्याच नावावर खपत. २००९च्या नोव्हेंबरात रिट्वीटचे बटण आले आणि मूळ मजकूर त्याच्या लेखकाच्या नावानिशी जसाच्या तसा पुढे जाऊ लागला. २०१५मध्ये मूळ ट्वीट चौकटीत ठेवून वर स्वतःचे मत लिहिण्याची सोय झाली. या तिन्ही गोष्टी आपल्या बातमीत ‘शेअर केले’ याच एका शब्दात कोंबल्या जातात. वास्तविक मूळ ट्वीट लेखकाने खोडले की बटणाने केलेले रिट्वीट त्याच्याबरोबर नाहीसे होते, मताची चौकट मागे राहते पण तिच्या पोटातले मूळ ट्वीट दिसत नाही, आणि कोणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर तो कोणाच्याच खोडण्याने जात नाही. शिवाय वर लिहिलेले मत मूळ मजकुराची खिल्ली उडवणारेही असू शकते. एखाद्याचे विधान खोडून काढण्यासाठी ते उद्धृत करणाऱ्यालाच बातमीत त्या विधानाचा प्रसारक ठरवलेले मी वाचले आहे! अनेक जण आपल्या खात्यावर ‘रिट्वीट म्हणजे अनुमोदन नव्हे’ अशी तळटीप लावून ठेवतात. तेवढ्याने हात झटकता येतात असे मला वाटत नाही, पण निदान पुढे नेणे आणि मान्य असणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, एवढे भान त्या तळटिपेत आहे.

व्हॉट्सॲपने २०१८मध्ये पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, नंतर वारंवार फिरलेल्या संदेशांवर दुहेरी बाण आला आणि २०२०च्या एप्रिलपासून असा संदेश एका वेळी एकाच संभाषणात पाठवता येऊ लागला. हा मजकूर पाठवणाऱ्याचा स्वतःचा नाही, हे त्या खुणेमुळे कळते. तो मुळात कोणाचा, हे मात्र कळत नाही, आणि मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला तर खूणच उरत नाही. ज्यांना ही मेख ठाऊक आहे, ते ती वापरतात.

‘व्हायरल’विषयीही दोन शब्द. ‘चित्रफीत व्हायरल झाली’ या वाक्यात कर्ता नसतो. जणू ती आपल्या पायांनी फिरली. याउलट ‘व्हायरल करण्याची धमकी दिली’ या वाक्यात एकच माणूस कर्ता होतो, वास्तविक त्याच्या हातात फक्त पहिल्यांदा टाकणे असते आणि पुढचा फैलाव इतरांच्या बोटांवर अवलंबून असतो. तिथे ‘सार्वजनिक करण्याची धमकी’ असे लिहिले तर गुन्ह्याचे स्वरूपही नीट कळेल.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती आहे, की स्वतः लिहिले असेल तिथे ‘लिहिले’ किंवा ‘टाकले’, दुसऱ्याचे असेल तिथे ‘पुढे पाठवले’, वर मत जोडले असेल तर ते मत काय होते हे, आणि मजकूर कोणाचा हे शोधूनही हाती लागले नसेल तर ‘मूळ लेखक समजू शकला नाही’ असे स्पष्ट छापावे. त्यासाठी मथळ्याचा टाइप थोडा लहान करावा लागला, तरी वाचकांची हरकत नसावी.

आपला,
एक नियमित वाचक